मालवण : समुद्राच्या टाइमटेबलाप्रमाणे

ओरल्स संपल्या की हॉस्टेलवर एकच विषय निघतो, ट्रिप! सिंहगड दर रविवारी होतो, लोणावळ्याला पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात, आणि गोव्याचा प्लॅन (हा तर प्रत्येक बॅचचा राष्ट्रीय प्रकल्प!) बजेटपाशी येऊन आपटतो. मग कोणीतरी म्हणतं, "मालवणला जाऊ या का रे?" आणि सगळे माझ्याकडे बघतात, कारण माझं आजोळ तिकडचं. दरवर्षी तीच माहिती चार रूमवर जाऊन सांगण्यापेक्षा यंदा एकदाच लिहून काढतो.

पुण्याहून मालवण साधारण पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. कोल्हापूरमार्गे गेलात तर पुढे गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरायचा. रेल्वेने जायचं असेल तर पनवेलला कोकण रेल्वे पकडून कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरा, तिथून पुढे एसटी किंवा रिक्षा आहेच. सीझन ऑक्टोबर ते मे. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याची बोट आणि पाण्यातले खेळ बंद असतात. त्या दिवसांत फक्त मासे खायचे आणि पाऊस बघायचा. तोही काही वाईट बेत नाही म्हणा!

आता मुद्द्याचं. आपण ट्रिपचं टाइमटेबल घड्याळावर बनवतो. नऊ वाजता नाश्ता, दहाला किल्ला, चारला बीच. मालवणला हे चालत नाही. तिथे टाइमटेबल समुद्राचं असतं आणि आपण त्यात बसायचं असतं. आजोबा एकच वाक्य सांगायचे, "आधी पाणी बघ, मगे उतर." ते पाणी कसं बघायचं, ते इथे सांगतो.

भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा येते. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी, म्हणून रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांचं जुनं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, नक्की वेळ मोबाईलवर किंवा बोटवाल्याकडून घ्या. पण कॅलेंडरकडे बघून रूमवर बसल्या बसल्या भरती सांगता आली की मजा येते!

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. शिवाय पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. आलेख साइन कर्व्हसारखा असतो, त्यामुळे सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी सरकतं. आता पौर्णिमेचा वीकएंड धरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे दुपारी दोन-तीनच्या सुमाराला पाणी सगळ्यात जोरात बाहेर ओढतं. आणि आपली जनता मासे-भात चापून पाण्यात उतरते ती नेमकी त्याच वेळेला.

हे इतकं घोळून का सांगतोय? 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्याच एका कॉलेजचे डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले. 15 एप्रिल 2017 ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे आठ जण गेले. आपल्यासारखीच मुलं, आपल्यासारखीच सहल. पोहता येणं न येणं हा भाग वेगळाच, पाणी कुठे जातंय हे आधी कळायला हवं.

लाटा फुटून किनाऱ्याकडे येणारं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट पट्टा मिळाला की ते सगळं तिथूनच सुटतं. फ्लुइड मेकॅनिक्समधलं कंटिन्युइटी इक्वेशन आठवा. रुंदी कमी झाली, वेग वाढला. असा परतीचा प्रवाह कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत पोचतो, म्हणजे ऑलिंपिकच्या शंभर मीटर फ्रीस्टाइलच्या वेगाएवढा. त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहणं म्हणजे उतरणाऱ्या एस्कलेटरवर चढणं. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाही) ही जागा वरून शांत दिसते. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटतात आणि मध्ये गुळगुळीत, गढूळ पट्टा असतो. नवखा माणूस तिथेच उतरतो. सापडलातच तर घाबरून हातपाय मारू नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे वळा. मित्र अडकला तर हातात हात धरून साखळी करून आत जाऊ नका. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेका आणि कोळ्यांना किंवा जीवरक्षकाला हाक मारा.

एवढं समजलं की मालवणसारखी जागा नाही!

पहिला दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला द्या. मालवणच्या धक्क्यावरून बोट मिळते. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं, आणि सुमारे तीन वर्षांत 48 एकरांचा किल्ला उभा राहिला. पायाचे दगड बसवताना शिसं ओतल्याचं सांगतात. महादरवाजा जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तटाने असा वळसा घेतला आहे. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी आणि विहिरीत गोडं! सिव्हिलवाल्यांनी इथे जरा थांबावं. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरून खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर राहतं. घनतेतला फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा, पण बेटावरची विहीर त्यावरच जगते. उपसा जास्त झाला की खारं पाणी वर आलंच समजा.

समोरच राजकोट. तिथे 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. 2025 मध्ये त्याच जागी नवा उभा राहिला. साडेतीनशे वर्षांचा तट आणि आठ-नऊ महिन्यांचा पुतळा एकाच नजरेत येतात. खारा वारा कोणाचीच ओरलमध्ये गय करत नाही.

दुसरा दिवस पाण्यातला. किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग आणि स्कूबा चालतं. सकाळी लवकर जा, वारा कमी असतो. न पोहणाऱ्यालाही प्रशिक्षक धरून खाली नेतो. नियम एकच, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना बॉईलच्या नियमाने दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुसाला सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. कान दुखला तर हाताने खूण करा, हिरोगिरी नको. आणि प्रवाळावर पाय ठेवू नका. तो दगड दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. 1987 साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तो त्यांच्यासाठीच.

दुपारनंतर तारकर्ली आणि पुढे देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. पॅरासेलिंग, बनाना राइड सगळं इथे मिळतं. संगमावर मात्र पोहायला उतरू नका. ओहोटीला नदी आणि समुद्र दोघंही एकाच दिशेला ओढतात. बोटीत चढण्याआधी लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नव्हे, आणि माणसं जास्त वाटली तर सरळ पुढच्या बोटीची वाट बघा. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता.

परत येताना कुडाळ आणि मालवणच्या मधलं धामापूरचं तळं चुकवू नका. 1530 च्या सुमाराचं, मातीच्या बांधाचं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ. पाचशे वर्षांचा बांध अजून काम करतोय, हे बघून आपल्या जर्नलमधल्या डिझाइनची जराशी लाजच वाटते!

खाण्याचं मी वेगळं सांगत नाही. बांगडा, सुरमई, कोंबडी-वडे, सोलकढी. शाकाहारी मंडळींनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी मागावी, उपाशी राहणार नाहीत. निघताना खाजा घ्या, मेसच्या डब्यासोबत आठवडाभर पुरतो (रूम पार्टनरला दाखवला नाही तर).

रेक्टर सरांना आणि टूरबरोबर येणाऱ्या स्टाफला एक विनंती. गेटपासच्या अर्जावर जाण्या-येण्याच्या तारखा असतात, त्याखाली एक ओळ वाढवा, त्या दिवसांची तिथी आणि भरतीची वेळ. ती भरायला मुलांना कॅलेंडर उघडावं लागेल, पाऊणपट करावी लागेल. दोन मिनिटांचं काम आहे. पाण्यात कधी उतरायचं आणि कधी काठावर बसून शहाळं प्यायचं, हे निघायच्या आधीच ठरून जाईल.