डावीकडचे बुवा

माझी आई हेडफोनला ‘कानातली बोंडं’ म्हणते. मराठीचा प्राध्यापक असूनही मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही. आमचे कामशेतचे घर दोन खोल्यांचे. रात्री मी पेपर तपासायला बसलो की आई बोंडे कानात घालून फोनवर कीर्तन ऐकते. गेल्या आषाढात एकदा ती म्हणाली, “अरे, डावीकडून बुवा हळू बोलतात.”

“वय झालं आता तुझं,” मी मान वर न करताच म्हणालो. एवढ्यावर न थांबता रोज रात्री तिच्या डाव्या कानात कोमट तेलाचे दोन थेंब घालू लागलो. मातृभक्तच की नाही! पंधरा दिवसांत तिने कीर्तन सोडले आणि खिडकीशी पाऊस बघत बसू लागली. मी पुण्याला कान तपासण्याचा दिवसही ठरवून टाकला.

त्याच आठवड्यात लोणावळ्याला कॉलेजात जाताना घाईत तिचाच हेडफोन पिशवीत आला. लोकलने मळवली सोडली, गाणे लावले, तो डावीकडचा आवाज अगदी क्षीण! छातीत धस्स झाले. म्हटले, आपलीही पाळी आली. मग सहज बोंडे उलटी घातली, डावे उजव्या कानात, उजवे डाव्यात. क्षीणपणा उजव्या कानात आला. म्हणजे दोष बोंडाचा होता. (उलटी घालूनही तो त्याच कानात राहिला असता, तर कानाचा, आणि एका कानाचे ऐकू येणे एकाएकी कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.)

दोन कानांना दोन आवाज देण्याची हौस जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर याने नाट्यगृहातले गाणे तारेवरून, दोन कानांना दोन रिसीव्हर लावून लोकांना ऐकवले होते. पण आईच्या कीर्तनात दोन्हीकडे आवाज एकच असतो. तो डोक्याच्या मधोमध ऐकू यावा. एक बाजू क्षीण झाली की बुवा दुसरीकडे सरकतात. म्हणजे आई अगदी नेमके बोलत होती.

संध्याकाळी दिव्याखाली बसलो. फोनमधली डावे-उजवे तोलणारी पट्टी मध्यावरच होती. मावळच्या दमट हवेने पिन काळवंडली असेल म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, फरक नाही. पिनेजवळ वायर वाकवून पाहिली. आवाज तुटला नाही. शेवटी डाव्या बोंडाची रबरी टोपी काढली. आतली बारीक जाळी मळाने आणि तेलाने लिंपून गेली होती. तेल माझ्याच हातचे! (पुढे डॉक्टरांनी ते बंदच करायला लावले.) बोंडाचे तोंड खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने जाळी हळूहळू झाडली, टिपकागदाने टिपली. पाणी नाही, फुंकर नाही आणि सुई तर नाहीच. सुईने आतला पातळ पडदा फाटतो. अर्धा तास गेला. पेपरांचा गठ्ठा तसाच.

बोंडे आईच्या कानात घातली. ती थोडा वेळ डोळे मिटून बसली.

“आले बुवा मधोमध,” ती म्हणाली.

“आई, माझं चुकलं गं,” मी म्हणालो. तिला ते ऐकू गेले नाही. अभंग सुरू झाला होता.