फेफरे, आहार आणि आपले घर

आम्ही मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. वर्गातल्या एका मुलीला दिवसातून तीन-चार वेळा फिट येई. दोन औषधे झाली, तिसरेही लागू पडेना. दादीला 'असर' वाटे, शेजारी कांदा हुंगवत. शेवटी पुण्यातल्या डॉक्टरांनी आहारोपचार सुचवला. तिची अम्मी आम्हाला म्हणाली, "बाई, आपल्याकडे दोन्ही वेळा भात. भाताशिवाय पोर राहणार कशी?"

योग्य निवडलेली दोन औषधे नीट घेऊनही फिट थांबत नाहीत, असे साधारण तीनपैकी एका रुग्णाचे होते. अशा मुलांसाठी किटोजेनिक आहार आहे. उपवासात फिट कमी होतात, हे जुने निरीक्षण. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तोच परिणाम आहारातून साधण्याची कल्पना मांडली. भात, भाकरी, साखर जवळजवळ बंद. तूप, साय, खोबरे, अंडी, मटण काट्यावर मोजून. मग शरीर चरबी जाळते आणि त्यातून तयार होणाऱ्या किटोनवर मेंदू चालतो.

याचाच थोडा सैल प्रकार म्हणजे सुधारित ॲटकिन्स आहार. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर त्याची चाचणी झाली. निष्कर्ष २०१३ साली छापले गेले. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ५२ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून जास्त घटल्या. नुसत्या औषधांवरच्या मुलांत हे प्रमाण ११.५ टक्के होते.

पण हा आहार घरच्या घरी सुरू करू नये. काही जन्मजात आजारांत तो घातक ठरतो, म्हणून आधी तपासण्या लागतात. बद्धकोष्ठता, मुतखडा, वाढ मंदावणे असे त्रास होऊ शकतात. चालू औषधे स्वतःहून बंद करायची नाहीत. खोकल्याच्या सिरपमधली साखरसुद्धा डॉक्टरांना विचारायची.

खरी परीक्षा घरच्यांची असते. आहार सुरू होऊन दोन महिने झाले, फिट बऱ्याच कमी झाल्या होत्या. ईदच्या दिवशी फुफीने मायेने वाटीभर शीरखुर्मा भरवला. रात्री पुन्हा फिट आली. त्यानंतर दादीनेच सगळ्यांना बजावले, "तिच्या ताटाला कोणी हात लावायचा नाही." आज कांदा कोणी हुंगवत नाही; फिट आली तर तिला कुशीवर वळवतात.

मुलगी पूर्ण बरी झालेली नाही. पण आता आठवड्यात एखादीच फिट येते, आणि ती रोज शाळेत येते.