अस्वलांच्या शेजारी भरणारा वर्ग

कॅनडातलं चर्चिल हे हडसन उपसागराच्या काठावरचं जेमतेम हजारभर वस्तीचं गाव. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावाबाहेरच्या उजाड टुंड्रावर अवाढव्य चाकांची एक गाडी उभी असते, तिचं नाव 'बग्गी वन'. आत कॅमेरे, माईक आणि शास्त्रज्ञ. बाहेर ध्रुवीय अस्वलं, कधीकधी अगदी गाडीला खेटून! 'पोलर बेअर्स इंटरनॅशनल' ही संस्था इथून शाळांसाठी 'टुंड्रा कनेक्शन्स' नावाचे मोफत थेट तास घेते. मुलं आपल्या वर्गात बसून पाहतात, प्रश्न पाठवतात आणि गाडीतले शास्त्रज्ञ तिथल्या तिथे उत्तरं देतात.

गंमत म्हणजे पुष्कळदा पडद्यावर काहीच घडत नाही. अस्वल आपलं झोपलेलं. माहितीपटात अशी दृश्यं कापून टाकतात, मला मात्र तीच मोलाची वाटतात. कारण ते झोपणं म्हणजे आळस नव्हे, काटकसर आहे. या अस्वलांचं खरं अन्न म्हणजे सील, आणि त्याची शिकार होते गोठलेल्या समुद्रावर. उन्हाळ्यात बर्फ वितळला की अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि समुद्र पुन्हा गोठेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतात.

मग एखादं चुणचुणीत मूल विचारणारच, 'किनाऱ्यावर दुसरं काही खाऊन नाही का भागत?'

याचं उत्तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. संशोधकांनी याच किनाऱ्यावरच्या २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरा असलेले पट्टे बांधले. काही अस्वलं नुसती पडून होती, काही गवत आणि बोरांसारखी रानफळं खात हिंडत होती. पण २० पैकी १९ जणांचं वजन घटलंच, सरासरी दिवसाला एक किलो! आणि समुद्र बर्फाविना राहण्याचा काळ १९८०च्या दशकापेक्षा आता काही आठवड्यांनी लांबला आहे. त्या दशकात या भागात सुमारे १२०० अस्वलं होती. २०२१च्या हवाई पाहणीतला अंदाज ६१८चा.

चर्चिलला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणजे आपल्या शाळांना रेकॉर्डिंगवरच भागवावं लागणार. घरी मुलांबरोबर थेट पाहायला जागणार असाल, तर पहिल्या दहा मिनिटांत अस्वल उठलं नाही म्हणून फोन बंद करू नका.