‘तमाल’ ही युद्धनौका नेमकी कोणाची?



सातवीच्या वर्गात नौदलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, "सर, स्टेल्थ म्हणजे गायब होणारं जहाज ना?" नाही हो, गायब वगैरे काही होत नाही. आयएनएस तमाल १२५ मीटर लांब आणि सुमारे ३९०० टन वजनाची आहे. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर लहान मुलालाही दिसेल. तिला लपायचं असतं ते रडारपासून.

हे समजवायला एक रबरी चेंडू पुरतो. दोन भिंती काटकोनात मिळतात त्या कोपऱ्याकडे तो जमिनीवरून जोरात घरंगळवा. जरा तिरका गेला तरी दोन्ही भिंतींना आपटून तो बहुतेक तुमच्याच दिशेला परत येतो. आता समोर एक फळी तिरकी उभी करा. चेंडू भलतीकडेच जाईल. रडारच्या लहरींचंही तसंच. जुन्या जहाजावर असे काटकोनी कोपरे ठिकठिकाणी असतात आणि ते लहरी परत पाठवतात. स्टेल्थ नौकेच्या बाजू मुद्दाम कललेल्या ठेवतात, उघड्यावरच्या वस्तू कमी करतात. परत जाणारी लहर क्षीण होते आणि शत्रूला नौकेचा पत्ता उशिरा, जवळ आल्यावर लागतो. इंजिनाची उष्णता आणि आवाजही असाच कमी करावा लागतो, कारण पाणबुडी डोळ्यांनी नाही, कानांनी शोधते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तमाल आणि तिची बहीण तुशील यांची बांधणी २०१३ मध्ये रशियातल्या कालिनिनग्राडच्या यांतर गोदीत सुरू झाली, आणि तीसुद्धा रशियाच्या स्वतःच्या नौदलासाठी. या नौकांची गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनमधल्या मिकोलाइव्ह शहरात बनतात. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने इंजिनं देणं बंद केलं. सांगाडे गोदीत पडून राहिले. २०१६ मध्ये भारताने करार केला. इंजिनं भारताने युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियातल्या गोदीकडे सोपवली. २०२२ मध्ये त्याच दोन देशांत उघड युद्ध पेटलं. काम रेंगाळलं, पण थांबलं नाही. तुशील ९ डिसेंबर २०२४ ला आणि तमाल १ जुलै २०२५ ला कालिनिनग्राडमध्येच आपल्या नौदलात दाखल झाली.

हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "मग ती आपली की त्यांची?" मला प्रश्न फार आवडला. तमालवरची २६ टक्के सामग्री भारतीय आहे, असं नौदल सांगतं. ब्राह्मोस क्षेपणास्त्र त्यातच मोडतं, पण त्याच्या नावातच ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्या आहेत. म्हणजे तेही भागीदारीचंच. उरलेला मोठा वाटा बाहेरचा. मुलांना हे स्पष्ट सांगावं असं मला वाटतं. ‘सगळं आपण बनवलं’ असं म्हणून टाळ्या मिळतील, पण ते खरं नाही.

मात्र इथे गोव्याचा संबंध येतो. याच आराखड्याच्या आणखी दोन नौका वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये, रशियाकडून तंत्रज्ञान घेऊन बांधल्या जात आहेत. त्रिपुतचं जलावतरण जुलै २०२४ मध्ये झालं, तवस्याचं मार्च २०२५ मध्ये. आणि परदेशात बांधून घेतलेली तमाल ही शेवटची युद्धनौका असेल, असं नौदलाने म्हटलं आहे. २००३ मध्ये आलेल्या आयएनएस तलवारपासून ही मालिका सुरू आहे: तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तर्कश, त्रिकंड. सगळी ‘त’ची नावं, मुलं पटकन पाठ करतात. तमाल म्हणजे इंद्राची तलवार. बोधचिन्हात आपला जांबवंत आणि रशियाचं अस्वल एकत्र आले आहेत, हे सांगितलं की वर्ग खूश!

घरी करायला एक काम द्या. नकाशात कालिनिनग्राड, मिकोलाइव्ह, वास्को आणि मुंबई शोधायला सांगा. मुंबई यासाठी, की नौदलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय तिथे आहे. कालिनिनग्राडला मुलं अडकतात, कारण ती रशियाच्या मुख्य भूमीवर शोधतात. ते गाव तिथे नाहीच, पोलंड आणि लिथुआनियाच्या मध्ये बाल्टिक समुद्राकाठी वेगळं पडलेलं आहे. उत्तर लगेच सांगू नका, थोडं शोधू द्या.