फोन शंभर टक्के, गाडी शून्य: बाईकला चार्जिंग पॉइंट बसवताना

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर. आज आकडे जरा जास्त आहेत, आणि हेडफोनमधून ऐकलेले आकडे एका कानातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर जातात. म्हणून हा भाग सेव्ह करून ठेवा, गाडीचं काम करताना समोर असलेला बरा.

विषय साधा आहे: बाईकला मोबाईल चार्जिंगचा पॉइंट बसवणं. "त्यात काय, दोन वायरी तर जोडायच्यात," असं मीही म्हणायचो. मग मुळशीत एका रात्री माझी जिरली, ती गोष्ट आधी सांगतो.

माझ्या मामाचं गाव धरणाच्या काठाला, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जुलैचा पाऊस चालू होता. ताम्हिणीचा पाऊस म्हणजे काय, तर जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पडला होता. अशा पावसात झाडं पडतात, तारा तुटतात, लाईट जाते. हे माहीत होतं म्हणूनच मी निघायच्या आधी पुण्यातल्या एका दुकानातून हँडलवर यूएसबी चार्जर बसवून घेतला. पंधरा मिनिटांत काम झालं. वर निळ्या आकड्यांचा छोटा व्होल्टमीटर, एकदम भारी दिसत होता.

तीन दिवस गाडी मामाच्या पडवीत उभी. तिसऱ्या दिवशी लाईट गेलेली, फोन मेलेला. मी फोन गाडीला लावला आणि इंजिन बंद ठेवूनच पूर्ण चार्ज करून घेतला. स्वतःवर खूष होतो.

रात्री नऊच्या सुमारास आजीला दम लागला आणि तिच्या पंपातलं औषध संपलेलं निघालं. पौडला मेडिकल उघडं होतं, फोन करून खात्री केली. फोन १०० टक्के होता ना! रेनकोट चढवला, चावी फिरवली. काहीच नाही. मीटरही लागेना.

मामा बाहेर आला. "पेटत नाही का रे?"

"नाही मामा, बॅटरी बसली."

"मग किक मार की."

किकच नव्हती गाडीला. आम्ही धक्का मारून पाहिला, सेकंड गिअर टाकून, दोनदा. तरी ढिम्म. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची पंधरा वर्षांची जुनी किकवाली गाडी काढली आणि म्हणाले, "बस मागं." औषध वेळेत आलं, आजी ठीक आहे. पण पौडपर्यंत त्या काकांच्या मागे भिजत बसताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं. मी बीटेक केलंय, ओहमचा नियम पाठ आहे, आणि तरी आपण गाडी का मारली हे मला सांगता येत नव्हतं.

आता हिशोब करू.

माझ्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची. म्हणजे ढोबळमानाने ती १ अँपिअर करंट चार तास देऊ शकते. छोट्या गाड्यांत ही क्षमता साधारण ३ ते ५ असते, ३५० सीसीच्या आसपासच्या गाड्यांत ८ किंवा थोडी जास्त. तुमच्या बॅटरीवर आकडा छापलेला असतो, आजच बघून ठेवा.

चार्जर दुकानदाराने थेट बॅटरीला जोडला होता. म्हणजे चावी काढली तरी तो चालूच. नंतर मी मल्टिमीटर लावून मोजलं, तर नुसता तो निळा व्होल्टमीटर आणि चार्जरचं सर्किट मिळून २५ मिलिअँपिअर खात होते. ऐकायला काहीच नाही. पण २४ तासांचे झाले ०.६ अँपिअर-अवर, आणि तीन दिवसांचे १.८.

आता फोन. ५००० एमएएचची बॅटरी, साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे १९ वॅट-अवर. चार्जरमध्ये आणि फोनमध्ये थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून गाडीतून २४ च्या आसपास घ्यावे लागतात. भागिले १२ व्होल्ट, झाले २ अँपिअर-अवर. एक फोन एकदा पूर्ण चार्ज केला आणि गाडीची अर्धी बॅटरी गेली!

१.८ अधिक २, एकूण ३.८. बॅटरी होती ४ ची. बग सापडला.

आणि बॅटरी पूर्ण रिकामी व्हायचीही गरज नसते. सेल्फ स्टार्टरला एका क्षणात खूप करंट लागतो, अर्धी बॅटरी गेली तरी तो कण्हायला लागतो.

मग धक्क्याने का नाही पेटली? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक बाईक कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यात पेट्रोल ढकलायला इलेक्ट्रिक पंप असतो आणि किती ढकलायचं ते ईसीयू ठरवतो. दोघांनाही वीज लागते. चावी फिरवल्यावर पंपाचा 'झूं' असा आवाज आला तर धक्क्याने पेटायची आशा आहे. मीटरच मेला असेल तर दम घालवू नका, जंपर वायर किंवा दुसरी बॅटरी शोधा. काकांची जुनी गाडी कार्ब्युरेटरची, म्हणून एका किकमध्ये सुरू झाली.

गाडीत वीज येते कुठून?

मामाच्या पडवीतून मुळशी धरणाचं पाणी दिसतं. हे टाटांचं धरण. याच्याच विरोधात सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला होता. इथलं पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडतं. आता असं धरा: पाणी किती उंचावरून पडतं तो झाला व्होल्टेज, दर सेकंदाला किती पाणी वाहतं तो करंट, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. पाइप म्हणजे वायर. आणि तलाव म्हणजे बॅटरी.

तलाव भरतो पावसाने. गाडीत पाऊस पाडतो तो इंजिनवरचा मॅग्नेट आणि कॉइल. तिथली वीज आरआर युनिट सरळ करतं आणि साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टवर बॅटरीत भरतं. इंजिन बंद म्हणजे पाऊस बंद, मग तुम्ही फक्त तलाव उपसताय.

चालत्या गाडीत फोनसाठी १०-२० वॅट आरामात निघतात. पण एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट कायम चालू असतो, त्यामुळे जुन्या गाड्यांइतकी वीज शिल्लक नसते. त्यात जास्तीचे फॉग लाईट लावलेत तर घाटात ट्रॅफिकमध्ये, आयडलवर, हिशोब उलटा होऊ शकतो. तपासायचं कसं? इंजिन चालू, सगळं चालू, मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर. १३ च्या खाली दिसलं तर तुम्ही बॅटरीतूनच खाताय.

मग बरोबर जोडणी कशी?

तत्त्व एकच: करंट बॅटरीतून घ्या, पण परवानगी चावीची असू द्या. हे काम रिले करतो. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. त्याच्या पायांवर नंबर असतात.

३० नंबर: बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून, मध्ये फ्यूज घालून.
८७ नंबर: चार्जरच्या पॉझिटिव्हला.
८६ नंबर: चावी चालू केल्यावरच वीज येते अशा वायरीला, उदाहरणार्थ मागच्या टेललाईटच्या वायरीला.
८५ नंबर: निगेटिव्हला. चार्जरची काळी वायरही थेट बॅटरीच्या निगेटिव्हला.

टेललाईटच्या वायरीवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार येतो, साधारण ०.१५ अँपिअर. चार्जरचा भार वेगळ्या वायरीवर. वायर निवडण्याआधी मल्टिमीटरने बघा: चावी चालू असताना १२, बंद केल्यावर शून्य. ईसीयू, फ्युएल पंप आणि एबीएसच्या वायरींना हात लावायचा नाही. कंपनीच्या वायरिंगला कात्री लावली तर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो, म्हणून आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

फ्यूजबद्दल एक गैरसमज काढतो. फ्यूज फोनसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर कुठे घासून चेसिसला टेकली तर बॅटरी तिच्यातून प्रचंड करंट सोडते, वायर लाल होते, आणि टाकी तिथेच वर आहे. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. चार्जरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते. माझ्या चार्जरमध्ये फ्यूज नव्हताच.

किती अँपिअरचा? दोन पोर्ट, प्रत्येकी १८ वॅट, म्हणजे ३६. वाया जाणारी धरून गाडीतून साधारण सव्वातीन अँपिअर. मग ५ चा फ्यूज पुरे. १५ चा टाकू नका, तो वितळायच्या आधी वायर जास्त तापू शकते. वायर एक एमएमची, मल्टिस्ट्रँड घ्या. एकाच जाड तारेची वायर कंपनाने आतून तुटते.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. कारण पॉझिटिव्ह खोलताना पाना चेसिसला लागला आणि निगेटिव्ह जोडलेला असला, तर ठिणगी ठरलेली.

वायर टाकल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. ताण येता कामा नये. सायलेन्सर आणि इंजिनच्या हेडपासून लांब.

पाऊस आणि कंपन

सिगारेट लायटरवालं गोल सॉकेट शक्यतो टाळा. खड्ड्यांत त्यातला प्लग सैल होतो. रबरी झाकणाचा यूएसबी पोर्ट घ्या, तोंड खाली किंवा बाजूला. चार्जरकडे जाणारी वायर आधी थोडी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या वळणावरून खाली पडतं, आत शिरत नाही.

पण फोनच्या पोर्टला झाकण नाही. ओल्या पोर्टमध्ये वीज सोडली की आतले संपर्क गंजतात. म्हणून भर पावसात फोन चार्जिंगला लावायचाच नाही. मी आता चार्जरवर पॉवर बँक लावतो, ती पिशवीत कोरडी, आणि फोन थांबल्यावर तिच्यावर. मुक्कामी लाईट गेली तरी पॉवर बँक उपसायची, गाडीची बॅटरी नाही.

आणि हँडलवर फोन लावणाऱ्यांनो, सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनेच सांगितलं होतं की मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो. फोटो स्थिर ठेवणारे आतले बारीक भाग बिघडतात. तसाच कॅमेरा इतर अनेक फोनांतही असतो. मॅप लागणारच असेल तर कंपन शोषणारा माउंट घ्या, नाहीतर फोन खिशात आणि आवाज कानात.

रिले, फ्यूज होल्डर, वायर, स्लीव्ह मिळून मला तीनशेच्या आत पडले. शनिवारची एक दुपार गेली. स्वतः करायचं नसेल तर मेकॅनिकला करू द्या, पण दोन प्रश्न विचारा: "फ्यूज कुठे टाकलाय?" आणि "चावी काढल्यावर बंद होतो का?" दुसऱ्याचं उत्तर तिथेच डोळ्यांनी बघा. चावी काढा, चार्जरचा दिवा विझला पाहिजे.

माझा विझतो आता. परवा गावी गेलो तर मामाने पहिल्यांदा तेच तपासलं. मग म्हणाला, "औषध पण दोन आणून ठेवलेत." तेही बरोबरच आहे म्हणा.

चला, पुढच्या भागात भेटू. आणि हो, बॅटरीवरचा आकडा बघायला विसरू नका!