विश्लेषण : मेन्यू कार्डवर दरासोबत कॅलरीही हव्यात का?

बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीसारख्या भागात उशिराच्या लोकलने घरी पोहोचणारा माणूस जेवणाचे पार्सल मागवतो, तेव्हा त्याला दर कळतो, पार्सल किती मिनिटांत येणार हे कळते, पदार्थ शाकाहारी की मांसाहारी हेही कळते. त्यात तेल, मीठ, साखर किती, हे मात्र सहसा कळत नाही. मोठ्या साखळी उपाहारगृहांना कॅलरी लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे, कोपऱ्यावरच्या हॉटेलला नाही. ही विभागणी योग्य आहे का? आणि आकडा लिहिल्याने खाण्यात खरोखर फरक पडतो का?

कायदा काय सांगतो?

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२० मध्ये लेबल आणि माहिती प्रदर्शनाचे नवे नियम अधिसूचित केले. ज्या उपाहारगृहांकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत, त्यांनी मेन्यू कार्ड, फलक किंवा पुस्तिकेवर प्रत्येक पदार्थासमोर एका वाढपातील कॅलरी आणि वाढपाचे प्रमाण लिहायचे आहे. सक्रिय प्रौढ व्यक्तीला दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी ऊर्जा लागते, मात्र प्रत्येकाची गरज वेगळी असू शकते, अशी सूचनाही द्यायची आहे. शेंगदाणे, दूध, गहू यांसारख्या अॅलर्जीकारक घटकांची माहितीही सक्तीची आहे.

ही तरतूद आधी १ जानेवारी २०२२ पासून लागू होणार होती. उपाहारगृहांना तयारीसाठी मुदत वाढवून देण्यात आली आणि ती १ जुलै २०२२ पासून अमलात आली. घरपोच जेवण देणाऱ्या अॅपनीही ही माहिती उपाहारगृहांकडून घेऊन ग्राहकाला दाखवायची आहे. वर्षात ६० दिवसांपेक्षा कमी काळ चालणारे व्यवसाय, समारंभाचे केटरर आणि ग्राहकाच्या मागणीनुसार बदलून दिलेले पदार्थ यांना सूट आहे.

मग जवळच्या हॉटेलात हे का दिसत नाही?

कारण ते या नियमात येतच नाही. एकच शाखा असलेले उडप्याचे हॉटेल, पोळी-भाजी केंद्र, खानावळ, वडापावची गाडी यांची नोंदणी असते किंवा राज्याचा परवाना असतो. त्यांना स्वच्छता आणि भेसळीचे नियम लागू आहेत, पण कॅलरीचा आकडा लिहिण्याची सक्ती नाही. रोज बाहेरचे खाणाऱ्यांपैकी अनेकांचे जेवण नेमके याच ठिकाणांहून येते.

अशी मर्यादा घालणारा भारत एकटा नाही. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये १५ किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांपासून सुरुवात केली. अमेरिकेचा देशव्यापी नियम मे २०१८ मध्ये लागू झाला, तो २० किंवा अधिक शाखा असलेल्यांसाठी. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना ही सक्ती आहे.

कॅलरीचा आकडा येतो कुठून?

दोन मार्ग आहेत. पदार्थाची प्रयोगशाळेत तपासणी करणे किंवा पाककृतीतील प्रत्येक घटकाचे वजन घेऊन तक्त्यावरून हिशेब करणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत ५२८ भारतीय खाद्यघटकांचे पोषणमूल्य दिले आहे.

बर्गरची साखळी हे सहज करू शकते, कारण तिथे पाव, टिक्की आणि सॉस यांचे वजन ठरलेले असते. मिसळीचे तसे नाही. एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तेलाचा एक मोठा चमचा, साधारण १४ ग्रॅम, सुमारे १२५ किलोकॅलरींचा होतो. तर्री ओतताना हात थोडा सैल सुटला, की त्याच मिसळीचा आकडा शंभराने बदलतो. भजी आणि वडे किती तेल पितात, हे पीठ किती सैल आहे आणि तेल किती तापले आहे यावर ठरते. त्यामुळे छोट्या हॉटेलवर नेमक्या आकड्याची सक्ती केली, तर आकडा लिहिला जाईल, पण तो खरा असेलच असे नाही.

आकडा वाचून लोक कमी खातात का?

खातात, पण फार थोडे. ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६०० किलोकॅलरींच्या जेवणामागे साधारण ४७ किलोकॅलरींची घट दिसली होती. मात्र तो पुरावा कच्चा असल्याचे संशोधकांनीच नमूद केले होते. जानेवारी २०२५ च्या नव्या आढाव्यात २५ अभ्यास तपासले गेले आणि घट १.८ टक्क्यांवर आली. म्हणजे ६०० किलोकॅलरींच्या जेवणात केवळ ११. हे अभ्यासही जवळपास सगळे श्रीमंत देशांतले.

फरक दुसरीकडे दिसतो, तो म्हणजे स्वयंपाकघरात. अमेरिकेतील साखळ्यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नियम लागू झाल्यावर आणलेल्या नव्या पदार्थांत आधीच्या नव्या पदार्थांपेक्षा सरासरी सुमारे ११३ किलोकॅलरी कमी होत्या. जुने पदार्थ मात्र तसेच राहिले. आकडा चारचौघांत लावायचा म्हटल्यावर विकणाराही विचार करतो, असा याचा अर्थ लावता येतो.

विरोध कोणाचा आणि का?

पहिला आक्षेप खर्चाचा आहे. तो छोट्या व्यावसायिकांच्या बाबतीत रास्त आहे. दुसरा आक्षेप आरोग्याचाच आहे. खाण्याच्या मानसिक विकारांशी झुंजणाऱ्यांना असे आकडे त्रासदायक ठरतात, असे इंग्लंडमधील संस्थांनी मांडले. म्हणून तिथे ग्राहकाने मागितल्यास आकडे नसलेले मेन्यू कार्ड देण्याची मुभा ठेवण्यात आली.

तिसरा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. कॅलरी हा एकच आकडा सगळ्यांच्या उपयोगाचा नाही. रक्तदाब असलेल्याला मीठ किती हे कळायला हवे. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असे आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मधुमेहीला पिष्टमय पदार्थ आणि साखर किती हे कळायला हवे. न्यूयॉर्कने म्हणूनच २०१५ च्या डिसेंबरपासून साखळी उपाहारगृहांतील अतिखारट पदार्थांसमोर मिठाचे चिन्ह सक्तीचे केले.

‘समोसा-जिलेबी’च्या वादाने काय दाखवले?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांना तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. जुलैमध्ये नागपूरच्या एम्सच्या संदर्भाने समोसा, जिलेबी, वडापाववर सिगारेटसारखा इशारा येणार, अशा बातम्या पसरल्या. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा लावण्याचा कोणताही आदेश नाही, हे फलक कँटीन, बैठकीच्या खोल्या अशा कामाच्या जागांसाठी आहेत, असा खुलासा सरकारला करावा लागला. माहिती देणे आणि धाक घालणे यांतील फरक पुसला गेला, की चांगल्या सूचनेचेही हसे होते.

मधला मार्ग कोणता?

देशात २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. अशा वेळी काहीच सांगायचे नाही, हेही परवडणारे नाही. आकड्यांची सक्ती मोठ्या साखळ्यांपुरती ठेवावी आणि ती काटेकोर राबवावी, विशेषतः अॅपवर. छोट्या हॉटेलांनी मात्र प्रयोगशाळेविना जमणाऱ्या चार गोष्टी फलकावर लिहाव्यात : तेल कोणते, वाढप किती ग्रॅमचे, अर्धी प्लेट मिळेल का आणि तेल-मीठ-साखर कमी करून मिळेल का. ‘तर्री वेगळी द्या’ म्हणणारा गिऱ्हाईक हे आजही करतोच. त्याला न विचारता पर्याय दिसावा, एवढेच.

ग्राहकाने काय पाहावे?

बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असणे बंधनकारक आहे. तो २ ने सुरू होत असेल तर ती नोंदणी, १ ने असेल तर परवाना. सुरुवात १०० ने असेल तर परवाना केंद्रीय आहे आणि मेन्यूवर कॅलरी असायलाच हव्यात. साखळीच्या एखाद्या शाखेचा परवाना राज्याचा असू शकतो. पण एकूण शाखा दहा वा अधिक असतील, तर तिलाही सक्ती आहे. कॅलरी दिसल्या नाहीत तर आधी विचारावे. उत्तर मिळाले नाही तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते.