केसभर जाडीचं माजलगाव

माजलगाव धरण काठोकाठ भरलं की त्यात ४५४ दलघमी पाणी मावतं. बीड जिल्ह्यात हा साठा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि पारावर त्याची टक्केवारी निघते. आता हे सगळं पाणी अरबी समुद्रावर एकसारखं पसरलं असं धरा. समुद्राचं क्षेत्रफळ ३८ लाख ६२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ३६१ बीड जिल्हे. थर बसतो ०.१२ मिलिमीटरचा, डोक्यावरच्या केसाएवढा. जायकवाडीचे २,९०९ दलघमी ओतले तरी एक मिलिमीटर पुरा होत नाही.

बीडपासून किनारा सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास. आपण समुद्रापासून लांबचे, असं वाटतं खरं. पण किनाऱ्यापासून पश्चिमेला देशाचा आर्थिक हक्क ३७० किलोमीटरपर्यंत चालतो. म्हणजे बीड जितकं आत, त्याहून भारत समुद्रात जास्त आत.

समजा, एखादा बीडकर मालवणला गेला आणि दिवसाच्या बोलीवर बोट ठरवून गळ टाकायला निघाला. पहाटे सुटून अंधाराआधी परतायचं, मध्ये मासे धरायला वेळ ठेवायचा. ताशी १५ किलोमीटरच्या चालीने बोट ५०-६० किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. चहूकडे पाणीच पाणी, किनारा दिसेनासा, आणि तरी हा खोल समुद्र नव्हे! महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत समुद्राचा तळ फार हळू उतरतो. मुंबईपासून १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. तिथल्या तेलविहिरींच्या जागी पाणी जेमतेम ७५ मीटर. अरबी समुद्राची सरासरी खोली २,७३४ मीटर. कळसूबाई (१,६४६ मीटर) त्यात उभं केलं तर शिखरावर किलोमीटरभर पाणी राहील. तिथवर भाड्याची बोट पोचतच नाही.

पोचली तरी फार हाती लागेल असं नाही. इतकं पाणी म्हणजे तितकी मासळी, हा हिशेबच चुकतो. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरच्या खाली थेट हजारेक मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड पट्टा आहे, जगातल्या सर्वात मोठ्या पट्ट्यांपैकी एक. सुरमई, कुप्पा यांना धावायला प्राणवायू भरपूर लागतो. त्यांचा संसार वरच्या थरात. सरासरी खोलीच्या ५-६ टक्क्यांत. मला तर हा आकडा समुद्राच्या एकूण पसाऱ्यापेक्षा जास्त चक्रावून टाकतो.

वरच्या थराचीही अडचण आहे. उष्ण पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं आणि खालचं खतावलेलं थंड पाणी वर येऊ देत नाही. जॉन रायथर या शास्त्रज्ञाने १९६९ साली मांडलेला हिशेब असा: महासागराचा ९० टक्के भाग मासळीच्या दृष्टीने जवळपास उजाड, उलट जिथे तळचं पाणी वर उसळतं त्या ०.१ टक्का भागात जगातली निम्मी मासळी. त्याच्या आकड्यांवर पुढे वाद झाले, मूळ मुद्दा टिकला. गळाने धरलेल्या काळ्या मार्लिनचा जागतिक विक्रम ७०७ किलोंचा. आल्फ्रेड ग्लासेलने तो मासा ४ ऑगस्ट १९५३ रोजी काबो ब्लांको इथे काढला. हे गाव पेरूच्या किनाऱ्यावर, अशाच उसळत्या पाण्याच्या प्रदेशात.

देशाची आकडेवारी पाहा. २०२२-२३ मध्ये भारताचं मत्स्योत्पादन १७५ लाख टन. त्यात समुद्राचे ४४ लाख, उरलेले १३१ लाख टन तळी, धरणं, नद्या आणि शेततळ्यांचे. महाराष्ट्रात मात्र समुद्राचंच पारडं जड आहे.

तेव्हा माजलगावच्या केसभर थराला कमी लेखू नये. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या घरात अंडी देते. फक्त साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाही, म्हणून धरणात बोटुकली आणून सोडावी लागते. अंड्यांसाठी तिला पावसाचं वाहतं पाणी हवं. ते पाणी आणतो नैर्ऋत्येचा वारा, आणि येता येता तोच सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत तळचं थंड पाणी वर काढून समुद्रातल्या माशांचीही सोय करून आलेला असतो.